अंतरपाटाची घडी

दि. ४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र उघडलं की आधी शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून मुख्य बातमी वरच लिहिते. आपल्या गुंडीचं लग्न ठरलं. सात डिसेंबरचा मुहूर्त आहे. रांगत्या वयात शर्टाची गुंडी गिळून साऱ्या घराला दवाखान्यात पळवणारी ही मुलगी आता सासरी जाणार, हे मला अजून खरं वाटत नाही.

मुलाचं चष्म्यांचं दुकान आहे. आपल्या लॉन्ड्रीत कोट टाकायला आला आणि कोट तयार झाल्यावरही येत राहिला, तेव्हाच मला संशय आला होता. मी त्याची दोन ठिकाणी चौकशी केली. खोट सापडली नाही. मग तिसऱ्या ठिकाणी केली. ह्यांनी जन्मभर लोकांचे विजेचे मीटर वाचले, माणसं वाचायचं काम मात्र माझ्यावर सोडलं, त्यामुळे मला एकटीलाच फिरावं लागलं. मुलगा चांगला आहे. माझ्या चष्म्याचा नंबर वाढल्याचं त्यानं नुसतं माझ्याकडे बघून सांगितलं. मी खूप वाद घातला. नंबर वाढलेलाच निघाला.

विहीणबाई गोड बोलतात. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं की मुलीला मामा आहे ना. आहे, परदेशात असतो, बोगदे खणतो, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की म्हणजे पत्रातला मामा. हे मी चहाबरोबर गिळलं आहे, पण पचवलेलं नाही. मुलीला मांडवात मामानं आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. मला भाऊ एकच. चुलत, आते, मावस असा उसना मामा मी उभा करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तू आला नाहीस तर ती जागा साऱ्या लोकांसमोर रिकामी राहील.

काल अंतरपाट काढला. माझ्या लग्नातला तोच, आईनं स्वतः खळ घातलेला. लग्न लागल्यावर तू आणि आईनं मिळून त्याची घडी घातली होतीत, आठवतं का? तुझा हात पुरेना म्हणून तुला पाटावर उभं केलं होतं. दुकानातली माणसं हल्ली टेबलावर एकेकटी घड्या घालतात. समोरासमोर उभं राहायचं, कड आत वळवायची, चालत एकमेकांकडे यायचं आणि शेवटी मूल निजवल्यासारख्या दोन थापट्या मारायच्या, ही आईची घडी आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला येत नाही. ह्यांना शिकवून थकले. हे कड नेमकी बाहेर ठेवतात.

तुझ्यासाठीही एक स्थळ आहे. पोस्टात नोकरी करते, वय तुला शोभेलसं, अक्षर सुरेख. फोटो पाठवत नाही, कारण मागचे तू परत केले नाहीस.

रजेचा अर्ज आजच टाक. माया आहेच, ती तुझ्या येण्यानं वाढेल.

तुझी,
ताई


दि. १६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र साइटवरच्या ऑफिसात उघडलं आणि एवढ्या मोठ्यानं हसलो की नकाशे काढणारा माणूस घाबरून आत आला. गुंडीला माझा भरघोस आशीर्वाद सांग. चष्मेवाल्यालाही सांग की दिलेल्या नंबरावर असाच ठाम राहा. तुझ्याशी वाद घालून जिंकलेला तो आपल्या घरातला पहिलाच माणूस आहे.

आता रागावू नकोस. बोगदा नेमका नदीच्या पात्राखाली आला आहे. यंत्र अर्ध्यात थांबवलं तर वरून पाणी शिरतं, आणि ह्या टप्प्यावर माझ्या हाताखाली दुसरा जाणता माणूस नाही. मी रजा मागितली. मोठ्या साहेबांनी मला बसवून घेतलं, कॉफी दिली आणि नाही म्हणाले. कॉफी दिली तेव्हाच समजलो. तुला हे कारण वाटेल. पण ताई, हे कारण नाही, खरंच आहे.

मामाची जागा रिकामी राहील हे वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. काहीतरी करीन. काय करीन ते सांगता येत नाही, पण करीन.

पोस्टातल्या बाईंचं स्थळ तूर्त थांबव. बाईंना उगाच वाट बघायला लावू नये.

एक सहज विचारतो. आपल्याकडच्या लग्नात परक्या देशातलं कुणी पाहुणं म्हणून आलं तर चालतं ना? इथली मंडळी अधूनमधून विचारतात. काय करायचं असतं, कुठे बसायचं असतं वगैरे. सहज.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा तुझा जीव आहे तसाच राहू दे, कमी होण्यासारखं काही मी केलेलं नाही, किंवा फारसं केलेलं नाही.

तुझा,
धाकटा


दि. ३० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. आ. ('उत्तम' मुद्दाम गाळलं आहे.)

बोगदा. आमच्या वास्तुशांतीला धरण होतं, आईच्या आजारात पूल होता, आता बोगदा. धरण आणि पुलाच्या वेळी मी काही बोलले नाही. ह्या वेळी बोलते. विहीणबाईंना मी एवढंच कळवलं आहे की मामाचं नक्की नाही. त्यांनी मान अशी हलवली की त्यांना सगळं आधीच माहीत होतं.

परदेशी पाहुण्यांना लग्नात मज्जाव नाही. अक्षता वाटायच्या वेळी हात पुढे करावा, चपला बाहेर काढाव्यात, आणि जिथे बसवतील तिथे बसावं. पण तू विचारलंस आणि तशीच एक बाई इथे उगवली, हा काय प्रकार आहे?

सोमवारी दुकानात आली. उंच, केस आखूड, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. दुकानातल्या माणसांनी लगेच तिचं नाव पाठपिशवी ठेवलं. प्रवासाला निघाली आहे म्हणते, गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ आहे त्याच्यावरच्या खोलीत उतरली आहे. माझं कॉलेजातलं इंग्रजी मी झटकून बाहेर काढलं आणि कपडे घेतले. खूण घालायला एकेक कपडा उलटा केला, आणि धाकट्या, ते कपडे स्वच्छ होते. कॉलर स्वच्छ, मनगटं स्वच्छ, एका सदऱ्याची तर दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. एवढी वर्षं मी लोकांचे मळके कपडे बघते आहे. माणूस खोटं बोलतं, कॉलर बोलत नाही. धुतलेले कपडे धुवायला आणणारी बाई कपडे धुवायला आलेली नसते.

तरी मी ते धुतले आणि पैसेही घेतले. परवा घ्यायला आली तेव्हा काउंटरजवळ उगीच रेंगाळली. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत उभी राहिली. कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं की ह्या दुकानाच्या मालकीणबाई. तिनं दोन्ही हात जोडले. कुणी शिकवलं, ते विचारायच्या आत निघून गेली.

ह्यांचं म्हणणं, बाई बिचारी एकटी आहे, चहा द्यायला हवा होता. ह्यांना सगळ्याच बायका बिचाऱ्या वाटतात, एक सोडून.

तुझ्या पत्राची वाट बघते. रजेबद्दल असेल तरच लौकर टाक.

ताई


दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातला गाळलेला 'उत्तम' पाहिला. सोसतो.

रजेचं पुन्हा विचारलं. ह्या वेळी कॉफीही मिळाली नाही.

त्या प्रवासी बाईंबद्दल तू उगाच मनात आणतेस असं मला वाटतं. परदेशात कितीतरी लोक एकदा अंगाला लागलेला कपडा पुन्हा घालत नाहीत. तुला स्वच्छ दिसला तरी त्यांना तो मळका वाटत असेल. शिवाय एकट्या माणसाला नव्या गावात कुठेतरी जाऊन बसावंसं वाटतं. मला इथे पहिल्या वर्षी असंच व्हायचं. मी न्हाव्याकडे जाऊन बसायचो, आणि केस वाढायला वेळच मिळायचा नाही.

भाऊजी म्हणतात ते खरं आहे. चहा द्यायला हवा होतास. साखर कमी घाल. त्या देशातले लोक साखर कमी खातात, असं ऐकून आहे. आणि काउंटरमागून चष्म्याच्या वरून बघतेस ना, तसं बघू नकोस. मी चाळिशी ओलांडली तरी त्या नजरेनं अजून माझ्या हातापायांना घाम फुटतो. परक्या माणसाचं काय होत असेल?

गुंडीला त्या बाईंची सोबत बरी वाटत असेल तर राहू दे. लग्नाआधी मुलींना जरा बाहेरचं माणूस हवंसं वाटतं.

मायेत अंतर पडू देऊ नकोस एवढीच मागणी.

तुझा,
धाकटा


दि. १८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आ.

गुंडीला तिची सोबत बरी वाटते, हे तुला कुणी लिहिलं? मी तर लिहिलेलं नाही. पण तू म्हणशील, अंदाज. ठीक आहे, अंदाज समजून पुढे जाते.

सोबत बरी वाटते, हे खरं आहे. फार बरी वाटते. दोघी दुपारी मागच्या वाळवणाच्या गच्चीवर ओल्या चादरींच्या आड जाऊन बसतात आणि मी जिन्यावर पाऊल टाकलं की गप्प होतात. परवा गुंडीनं मला न विचारता तिला लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं. मी खडसावलं तर म्हणाली, आई, प्रवासात आलेल्या माणसाला एक लग्न बघू दे, तुझं काय जातं. माझं काय जातं! मुलगी जाते आहे, आणि ही विचारते तुझं काय जातं.

चहा दिला. साखर कमी घातली. आवडला. तुझं ऐकीव ज्ञान दांडगं आहे.

आता माझे संशय लिहिते, कारण इथे कुणी ऐकून घेत नाही. पहिल्यांदा वाटलं, सरकारी तपासणीवाली असेल, कारण भट्टीजवळ जाऊन पाण्याबद्दल विचारत होती. पण तपासणीवाले आल्याबरोबर खुर्ची मागतात. मग वाटलं, विहीणबाईंनी पाठवलेली असेल, आपलं घर आतून बघायला. मी विहीणबाईंपाशी आडून विषय काढला. त्यांना ती आमच्याकडची पाहुणी वाटत होती, आणि त्या चांगल्याच दिपल्या होत्या. तो उजेड मी मालवला नाही.

राहिला जावई. तरणा मुलगा, चष्मे आणायला एकदा परदेशी जाऊन आलेला. अशी बाई लग्नाच्या तोंडावर येते, नवऱ्यामुलीशी गोडी करते आणि जात नाही, ह्याचा अर्थ मी काय काढायचा? झोप उडाली माझी. शेवटी काल त्याच्या दुकानात गेले, नंबर तपासायच्या निमित्तानं, आणि डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवलेली असतानाच विचारलं की ही बाई तुमच्या ओळखीची आहे का. त्यानं काच बदलली, अक्षरं वाचायला सांगितली, आणि म्हणाला की आई, ती माझ्या ओळखीची नाही, पण काळजी करू नका, ओळख निघेल. असलं उत्तर सरळ माणूस देतो का? पण त्याचा हात हलला नाही. ज्याच्या पोटात काही असतं त्याचा हात हलतो. म्हणून लग्न मोडलं नाही, एवढंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिला मराठी येत नाही म्हणते. मी काल जेवताना ह्यांच्याकडे बघून गुंडीला म्हटलं की तुझ्या बाबांना आंघोळीला पाठवलं की मीटर वाचून आल्यासारखे कोरडे परत येतात. मी त्याचं इंग्रजी करायच्या आधी पाठपिशवी हसली. मग एकदम भाताकडे बघायला लागली. मी तिला आणखी भात वाढला. पण मी आता बघते आहे, हे तिला कळलं आहे.

विहीणबाईंनी काल पुन्हा मामाचं विचारलं. तुमचा भाऊ आहे की नुसता पत्ता आहे, असं चार बायकांत म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मी पण हसले, लग्नघर म्हणून.

ताई


दि. २६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लग्नाआधी पोचावं म्हणून जादा तिकिटं लावली आहेत.

ताई, त्या बाईंना घालवू नकोस. जावयावर संशय घेऊ नकोस, त्या मुलाचा ह्यात काडीचा संबंध नाही. माझ्या भरवशावर एवढं कर. ती बाई वाईट असूच शकत नाही. म्हणजे तुझ्या पत्रांवरून तरी तसं वाटतं. आईच्या फोटोला हात जोडणारं माणूस वाईट कसं असेल?

तिला हसू आलं असेल तर आलं असेल. भाऊजी कोरडे परत येतात हे कळायला भाषा कशाला लागते?

मामाच्या जागेचं मनाला फार लागून राहिलं आहे. माझ्याकडून ती जागा भरायचा एक प्रयत्न मी केला आहे, पण तो तुला आवडेल की नाही ह्याची मला इतकी धास्ती आहे की तो लिहूनही टाकवत नाही. मी बोगद्यात पाण्याला भीत नाही. तुला भितो. लहानपणी कपबशी फुटली तरी मी तुकडे उचलून खिशात ठेवायचो, आणि तू खिसे रिकामे करताना सापडायचे. तसंच समज.

गच्चीवर फार वेळ बसू देऊ नकोस. ओल्या चादरींचा गारवा बाधतो. तिचा खोकला थांबला का? आलं उकळून दिलंस तर लगेच उतरतो.

गुंडीला उदंड आशीर्वाद. तुझा हात माझ्या डोक्यावरून काढून घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. ५ डिसेंबर

धाकट्यास,

पत्र आज मिळालं. उत्तर तुझ्या हाती लग्नानंतरच पडेल, पण लिहिल्याशिवाय मला काम सुचणार नाही.

खोकल्याबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलेलं नाही. पत्रं मी पाठवण्याआधी दोनदा वाचते, हे तुला माहीत आहे. तिला खोकला आहे हे खरं. आल्यानं उतरतो, हेही खरं निघालं. म्हणजे तू त्या बाईला ओळखतोस, आणि महिनाभर मला चष्मा नसल्यासारखी चाचपडायला लावलंस.

कोण आहे ती? तुझ्या साहेबांची कुणी? तुला यायला जमत नाही म्हणून आमचं लग्न बघून तुला हकिगत सांगायला पाठवलेली? भाऊ स्वतः येत नाही आणि बघायला माणूस पाठवतो, हे मला न येण्यापेक्षा जास्त लागलं.

परवा सकाळी मी तिला समोर बसवून विचारणार आहे. उत्तर पटलं नाही तर मुहूर्ताआधी ती मांडवाबाहेर असेल, मग गुंडी रडो की विहीणबाई हसोत.

ताई


दि. ८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लग्न लागलं. आता सावकाश वाच. शेवट आधी वाचलास तर मला कळेल, कसं ते विचारू नकोस.

काल सकाळी कार्यालयात पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी काढून नव्या घालायच्या होत्या. चादरी आपल्याच दुकानच्या. मी तुझ्या पाठपिशवीला विचारायला म्हणून वर गेले. मनात प्रश्न मांडून गेले होते, एकही इकडचा तिकडे होऊ देणार नव्हते. दारातच थांबले. खोलीत ती आणि हे, दोघं समोरासमोर, मध्ये चादर. हे नेहमीप्रमाणे कड बाहेर धरून उभे. ती मानेनं नको म्हणाली, आपली कड आत वळवून दाखवली, ह्यांची बोटं धरून तशीच वळवली. मग चालत ह्यांच्याकडे आली, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. आणि घडी पूर्ण झाल्यावर तिनं चादरीवर दोन थापट्या मारल्या. मूल निजवल्यासारख्या.

माझ्या मांडलेल्या प्रश्नांतला एकही उरला नाही.

कारण धाकट्या, ती घडी एकट्याला शिकता येत नाही. पत्रातून शिकवता येत नाही. साहेबांच्या कुणाला, ऑफिसातल्या कुणाला येत नाही. ती घडी ज्याला येते, तो दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाबरोबर ज्या खोलीत राहतो तिथलीच चादर धरतो, आणि एकदा नाही, इतक्या वेळा धरतो की हाताला विचारावं लागत नाही. ह्या बाईनं तुझ्याबरोबर चादरींच्या किती घड्या घातल्या असतील, ते मला मोजायचं नाही. दुसऱ्या टोकाला तू होतास, एवढं पुरलं.

मी आत गेले. ह्यांना खाली पाठवलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, तुझ्यासारखाच तिच्याही हातांना घाम. मी मराठीतच विचारलं की लग्न होऊन किती दिवस झाले. तिनं मराठीतच सांगितलं की चौथं वर्ष. तिचं मराठी तुझ्यासारखं आहे, अर्धं वाक्य गिळून टाकणारं. मी विचारलं की मग हे नाटक कशाला. तर म्हणाली की ते म्हणाले, ताईला आधी तू आवडायला हवीस, मग सांगू. आणि तुम्ही आवडत नव्हता म्हणून सांगता येईना. म्हणायचं होतं, तुम्हाला मी आवडत नव्हते. मी चूक सुधारली नाही. दोन्ही खरंच होतं.

कपडे स्वच्छ का आणलेस, विचारलं. तर म्हणाली की नवऱ्याच्या ताईकडे पहिल्यांदा जाताना मळके कपडे कसे न्यायचे. आता ह्यावर मी काय बोलावं? असली चूक आपल्या घरात यायच्या लायकीच्या माणसालाच सुचते.

गुंडीला ती आल्यापासून सगळं माहीत होतं. जावयाला तिनं सांगितलं होतं. म्हणूनच त्याचा हात हलला नाही. ह्यांना माहीत नव्हतं असं हे म्हणतात, पण हे हसले आहेत, तेव्हा त्यांची चौकशी अजून संपलेली नाही.

मुहूर्ताला मांडव भरला. गुरुजींनी मुलीच्या मामाला हाक दिली. विहीणबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि चार बायकांना ऐकू जाईल असं विचारलं की पत्ता आला का. मी तुझ्या बायकोला मनगटाला धरून पुढे आणलं. माझं हिरवं नऊवारी नेसवलं होतं, घाईत नेसवलं म्हणून घोटे दिसत होते. मी सांगितलं की मामा नदीखाली आहे, वर आला तर तिथलं पाणी आत येईल, म्हणून त्याच्या जागी मामी उभी राहील, आणि पत्त्याचं म्हणाल तर हा पत्ता स्वतः चालत आला आहे. गुरुजींनी शास्त्रात बघू का विचारलं. मी म्हटलं, नंतर बघा. विहीणबाईंचं तोंड उघडं राहिलं ते मंगलाष्टकं सुरू झाल्यावर त्यांनी अक्षता टाकायच्या निमित्तानं मिटलं.

ती गुंडीला घेऊन आली. सगळा वेळ तिच्या पाठीशी उभी राहिली. तुझ्या जागेवर उभी राहिली, इतकी ताठ की जणू वर नदी आहे आणि ती पेलायची आहे. मधे एकदा खोकला आला तो तिनं दाबला. डोळ्यांतून पाणी आलं ते खोकल्याचंच, असं तिनं नंतर सांगितलं, आणि मी मान्य केलं, कारण मलाही तेव्हा तोच खोकला झाला होता.

अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, सनई वाजली, आणि माणसांच्या त्या गर्दीत अंतरपाट कुणाच्या तरी खांद्यावर बोळा होऊन पडला. तो मी उचलला. समोर बघितलं तर ती हात पुढे करून उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी टोकं दिली. आम्ही मागे सरलो, कड आत वळवली, चालत जवळ आलो. पाटाची गरज पडली नाही, ती माझ्यापेक्षा उंच आहे, उलट माझाच हात पुरेना. शेवटच्या थापट्या एक तिनं मारली, एक मी.

तिला डाव्या हाताखाली उजवा हात धरायला तू उलटं शिकवलं आहेस. दुरुस्त करून पाठवते आहे.

आता माझा राग. लग्न केलंस, बरं केलंस. परक्या मुलीशी केलंस, ती परकी राहिलेली नाही. पण माझ्या नजरेला भिऊन कपबशीचे तुकडे चार वर्षं खिशात घेऊन हिंडलास, ह्याचा राग आहे. तो इथे येऊन घालवायचा. आणि हो, बोगदा खरा आहे ना, हे तिला वेगळं विचारून घेतलं आहे. खरा आहे म्हणते. नवऱ्याची बाजू घेते की काय असा मला संशय आहे, पण तो मी ठेवून घेते. संसाराला बरा असतो.

तुम्ही तिथे कचेरीत सही करून लग्न केलंत, असं कळलं. म्हणजे तुमच्या दोघांत कुणी अंतरपाट धरला नाही. तो धुऊन, खळ घालून, इस्त्री करून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे. घडी मी मोडणार नाही. नदी ओलांडून झाली की या. एक टोक हे धरतील, कड बाहेर ठेवून का होईना. दुसरं मी धरीन.

पोस्टातल्या बाईंना नाही कळवलं आहे. मागच्या स्थळांचे फोटो मात्र परत कर.

ती शुक्रवारी निघते. पत्र तिच्याच हाती देते, पोस्टापेक्षा भरवशाची आहे. ह्यापुढे पत्रावर तुझ्या एकट्याचं नाव घालणार नाही, म्हणून शेवटचा आशीर्वाद नीट पुरा लिहिते. तुम्हा दोघांस अनेक उत्तम आशीर्वाद. माया आहेच, आता ती दोघांत वाटून घ्या.

तुमची,
ताई